भाषा आणि साक्षरता शिक्षणात पीएच.डी. करायची आहे? सुरुवात कुठून करायची ते पाहू

मुलं वाचायला-लिहायला शिकतात कशी, काहींना ते जमतं आणि काहींना वर्षानुवर्षं का जमत नाही, यावर आपण संशोधन करावं असा विचार अनेक शिक्षकांच्या मनात येतो. पाठ्यपुस्तकं तयार करणाऱ्यांच्या आणि भाषाशास्त्राच्या अभ्यासकांच्या मनातही येतो. विचार उत्तम आहे. मात्र बहुतेक जण पहिलाच प्रश्न विचारतात तो असा : कुठल्या विद्यापीठात अर्ज करू? माझ्या मते हा चौथ्या-पाचव्या क्रमांकाचा प्रश्न आहे. आपल्याला काय शोधायचंय, या क्षेत्रातल्या कोणत्या परंपरेत उभं राहून शोधायचंय आणि कोणाच्या मार्गदर्शनाखाली शोधायचंय, हे आधी ठरलं तर विद्यापीठाचं नाव बऱ्याचदा आपोआप पुढे येतं.

आधी पदवीचा हेतू तपासा

पीएच.डी. ही संशोधक घडवणारी पदवी आहे. पूर्णवेळ केली तरी तीन ते सहा वर्षं जातात, अर्धवेळ केली तर त्याहून जास्त. चांगलं शिकवता यावं एवढाच हेतू असेल तर पदव्युत्तर अभ्यासक्रम किंवा वाचन-शिक्षणाचं एखादं सखोल प्रशिक्षण जास्त उपयोगी पडेल, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. प्राध्यापकी, संशोधन संस्थेतलं काम, अभ्यासक्रम किंवा धोरण ठरवणाऱ्या मंडळींमध्ये बसण्याची तयारी, किंवा एखादा प्रश्न पिच्छा सोडत नाही ही अवस्था, यांपैकी काहीतरी असेल तर पुढे वाचा.

अनेक देशांत एड.डी. (डॉक्टर ऑफ एज्युकेशन) नावाची दुसरी वाटही आहे. शाळा चालवणारे, शिक्षकांना प्रशिक्षण देणारे असे अनुभवी लोक नोकरी सांभाळून आपल्याच कामातला प्रश्न अभ्यासतात, ती ही पदवी. प्राध्यापक भरतीत दोन्ही पदव्यांना सारखंच वजन मिळेल असं गृहीत धरू नका. जिथे पुढे काम करायचंय तिथल्या जाहिराती आधी वाचून पाहा.

या क्षेत्रातली दोन घराणी

नवख्या माणसाला कोणी आवर्जून सांगत नाही अशी ही गोष्ट आहे, म्हणून इथे थोडा वेळ थांबतो.

एक घराणं मानसशास्त्रातून आलेलं. डोळ्यांसमोरच्या चिन्हांपासून अर्थापर्यंत मेंदू कसा पोहोचतो, हा त्याचा प्रश्न. गफ आणि टनमर यांनी १९८६ मध्ये मांडलेलं सूत्र इथे पायाभूत मानलं जातं : वाचनाचं आकलन म्हणजे लिपी उलगडण्याची क्षमता गुणिले ऐकून भाषा समजण्याची क्षमता. यातला गुणाकार महत्त्वाचा आहे. दोन्हींपैकी एक शून्य असेल तर उत्तर शून्यच. या घराण्यात चाचण्या, प्रयोग, संख्याशास्त्र आणि मोठे नमुने यांचा वावर असतो.

दुसरं घराणं मानववंशशास्त्र आणि समाजभाषाविज्ञान यांच्याकडून आलेलं. लोक वाचन-लेखनाचं प्रत्यक्षात काय करतात, कोणाचं वाचन 'खरं' मानलं जातं आणि कोणाचं हिशेबातच धरलं जात नाही, हे ते विचारतं. ब्रायन स्ट्रीट यांनी इराणमधल्या खेड्यांत क्षेत्रकार्य केलं आणि १९८४ मध्ये असं मांडलं की साक्षरता हे समाजापासून सुटं काढता येणारं तांत्रिक कौशल्य नाही, ती सत्ता आणि संस्कृती यांच्यात रुजलेली असते. त्याच्या थोडं आधी, १९८१ मध्ये, सिल्व्हिया स्क्रिब्नर आणि मायकल कोल यांनी लायबेरियातल्या वाई लोकांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथे वाई लिपी शाळेबाहेर शिकली जाते, अरबी धर्मग्रंथांसाठी आणि इंग्रजी शाळेत. त्यामुळे अक्षरओळख आणि शालेय शिक्षण यांचे परिणाम वेगळे करून पाहता आले. नुसतं लिहिता-वाचता आल्याने माणसाची विचारशक्ती सरसकट बदलते, या समजाला त्या अभ्यासाने मोठा धक्का दिला.

ही दोन घराणी एकाच प्रसंगाकडे किती वेगळ्या नजरेने पाहतात, ते एका छोट्या उदाहरणात दिसेल. समजा, पुस्तकात वाक्य आहे : 'आईने मला बाजारात नेले.' दुसरीतलं मूल मोठ्याने वाचतं : 'आयनं मला बाजारात नेलं.' चाचणीच्या नेहमीच्या गुणपत्रिकेत चार शब्दांपैकी दोन चुकीचे धरले जातील. पण वाचनातल्या चुकांवरून मुलाला काय समजलंय ते पाहण्याची जी पद्धत केनेथ गुडमन यांनी १९६०च्या दशकात विकसित केली, तिने पाहिलं तर मुलाने वाक्य समजून घेतलं आणि घरच्या बोलीत सांगितलं. ज्याला अर्थ कळला नाही त्याला असा बदल करताच आला नसता.

आता पहिल्या घराण्यातला संशोधक शांतपणे विचारेल : मूल अक्षरं बघून वाचतंय की संदर्भावरून अंदाज बांधतंय? हे तपासायला तो 'मेकूळ', 'तपीन' असे अर्थहीन शब्द देईल. तिथे अंदाजाचा आधार मिळत नाही, अक्षरंच वाचावी लागतात. हा प्रश्नही तितकाच रास्त आहे.

तुम्हाला दोन्हींपैकी एका घराण्यात मुक्काम करावा लागेल, कारण पद्धती, नियतकालिकं, परिषदा आणि परीक्षक त्यानुसार बदलतात. पण दुसऱ्या घराण्याचं लेखन समजून घेता यायला हवं, यावर मी ठाम आहे. या दोघांमधल्या भांडणात मुलांचं फार नुकसान झालेलं आहे.

विषयाचा प्रश्न कसा करायचा

'बहुभाषिक वर्गातील वाचन' हा विषय झाला. संशोधन करायला प्रश्न लागतो. वरच्याच उदाहरणावरून तो कसा घडतो ते पाहा.

सुरुवातीला मनात असतं : मुलांना नीट वाचता का येत नाही? हा प्रश्न इतका अवाढव्य आहे की त्यावर शंभर प्रबंध झाले तरी तो पुरून उरेल. मग तो कोणत्या मुलांबद्दल आहे ते ठरवा : ज्यांची घरची बोली पाठ्यपुस्तकाच्या भाषेहून वेगळी आहे. कोणत्या टप्प्यावर? दुसरीत, लिपी नुकतीच हाताशी आलेली असताना. कोणती कृती? मोठ्याने वाचणं. आणि त्यात नेमकं काय पाहायचं? मूल छापील रूपाऐवजी घरचं रूप वाचतं तेव्हा शिक्षक काय करतात, आणि त्यानंतर ते मूल कसं वाचतं. आता हा प्रश्न काही महिने वर्गात बसून, ध्वनिमुद्रण करून अभ्यासता येतो.

प्रश्न पक्का करण्याआधी स्वतःला विचारा : याचं उत्तर मला अपेक्षेच्या उलट मिळू शकतं का? मिळू शकत नसेल, तर तो प्रश्न नसून मत आहे. दुसरं, उत्तर मिळाल्यावर कोणाचं काय बदलेल? एखाद्या शिक्षिकेचं, पाठ्यपुस्तक लिहिणाऱ्याचं किंवा एखाद्या सिद्धान्ताचं काहीतरी बदलायला हवं.

आपली भाषा देवनागरीसारख्या अक्षरलिपीत लिहिली जात असेल तर एक संधी लक्षात घ्या. वाचनावरचं बरंच संशोधन इंग्रजीवर झालेलं आहे, आणि इंग्रजी ही स्पेलिंगच्या बाबतीत फार अनियमित भाषा आहे. देवनागरीत व्यंजनात 'अ' गृहीत असतो, मात्रा व्यंजनाच्या वर, खाली, पुढे, मागे लागतात, ऱ्हस्व इकार तर उच्चारात नंतर येऊनही लिहिताना आधी येतो, आणि जोडाक्षरं धरली तर मुलाला काही शे अक्षररूपं ओळखावी लागतात. सव्वीस अक्षरांसाठी बांधलेल्या कल्पना इथे जशाच्या तशा लागू पडत नाहीत. इथे नवं सांगण्यासारखं अजून पुष्कळ आहे.

मार्गदर्शक शोधणं

विद्यापीठाच्या नावापेक्षा मार्गदर्शकाला महत्त्व द्या. पुढची कित्येक वर्षं तुमचं लिखाण वाचणारी, तुम्हाला अडवणारी आणि तुमच्यासाठी शिफारसपत्रं लिहिणारी व्यक्ती तीच असते.

आवडलेल्या शोधनिबंधांचे लेखक पाहा आणि ते सध्या कुठे शिकवतात ते शोधा. त्यांचे मागच्या चार-पाच वर्षांतले निबंध वाचा, कारण माणसांचे विषय बदलतात. वीस वर्षांपूर्वीच्या गाजलेल्या कामावर विसंबून गेलात तर त्यांनी तो विषय केव्हाच सोडलेला असू शकतो. त्यानंतर त्यांच्या आजी-माजी विद्यार्थ्यांशी बोला. विचारायच्या गोष्टी साध्या आहेत. लिहून दिलेलं प्रकरण किती दिवसांत वाचून परत येतं? किती विद्यार्थी वेळेत पूर्ण करतात? मतभेद झाला तर काय होतं? या तीन उत्तरांतून संकेतस्थळापेक्षा कितीतरी जास्त कळतं.

पहिला ई-मेल एका पडद्यावर मावेल एवढाच असावा. पहिल्या दोन ओळींत तुमचा प्रश्न. मग त्यांच्या कोणत्या निबंधाशी तो जोडला जातो आणि तिथून तुम्हाला पुढे काय विचारायचंय. मग तुमचा अनुभव दोन वाक्यांत, कोणत्या भाषा लिहिता-वाचता येतात त्यासह. शेवटी पुढच्या वर्षी ते विद्यार्थी घेणार आहेत का, हा थेट प्रश्न. 'आपल्या महान कार्याने मी प्रेरित झालो' हे वाक्य त्यांनी असंख्य वेळा वाचलेलं असतं, ते गाळा. दोन आठवड्यांत उत्तर आलं नाही तर एकदा नम्र आठवण करावी, मग पुढचं नाव घ्यावं.

अर्ज आणि पैसा

देशोदेशी पद्धत वेगळी. ब्रिटनमध्ये अर्जासोबतच संशोधन प्रस्ताव लागतो, थेट संशोधन सुरू होतं आणि पूर्णवेळ पीएच.डी. साधारण तीन ते चार वर्षांची असते. अमेरिकेत आधी सुमारे दोन वर्षं वर्गातले अभ्यासक्रम, मग पात्रता परीक्षा आणि नंतर प्रबंध, त्यामुळे पाच वर्षं किंवा अधिक धरून चालावं. तिथे अर्जाची मुदत बहुधा डिसेंबरच्या आसपास असते, आणि विद्यावेतनाचा प्रस्ताव स्वीकारायला १५ एप्रिलपर्यंत वेळ देण्याचा संकेत अनेक विद्यापीठं पाळतात. स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क या देशांत पीएच.डी.ची जागा ही बहुतेक वेळा पगारी नोकरीच असते. तिची जाहिरात निघते आणि नोकरीसारखाच अर्ज करावा लागतो.

प्रवेशपत्र मिळालं म्हणजे पैशाची सोय झाली असं नाही. शुल्कमाफी किती वर्षांची, विद्यावेतन किती वर्षांचं, सुट्टीतही मिळतं का, बदल्यात आठवड्याला किती तास काम (अमेरिकेत वीस तास हा नेहमीचा आकडा), क्षेत्रकार्याच्या प्रवासाचा खर्च कोण देणार, हे सगळं लेखी घ्या. खिशातून पूर्ण खर्च करून पीएच.डी. करण्याचा सल्ला मी सहसा कोणाला देत नाही. शिक्षणक्षेत्रातले पगार पाहता ते कर्ज फार वर्षं मानेवर राहतं.

पहिलं वर्ष : वाचन आणि पद्धती

संदर्भ-साहित्य शोधायला 'एरिक' हा शिक्षणविषयक निबंधांचा संग्रह मोफत आहे, तिथून सुरुवात करा. मानसशास्त्रीय वळणाचं काम 'सायंटिफिक स्टडीज ऑफ रीडिंग'मध्ये भेटेल, सामाजिक वळणाचं 'लँग्वेज अँड एज्युकेशन' आणि 'लिंग्विस्टिक्स अँड एज्युकेशन'मध्ये. 'रीडिंग रिसर्च क्वार्टर्ली'त दोन्ही घराणी दिसतात. एक चांगला निबंध हाती लागला की त्याने कोणाचा आधार घेतलाय ते मागे जाऊन पाहा, आणि नंतर त्याचा आधार कोणी घेतलाय ते पुढे जाऊन पाहा. या दोन दिशांनी महिनाभर फिरलात की तीच ती नावं पुन्हा भेटू लागतात, म्हणजे नकाशा तयार होतोय.

प्रत्येक निबंधाचं अर्ध्या पानाचं टिपण लिहा : प्रश्न काय, कोणाचा अभ्यास केला, कसा केला, काय सापडलं, आणि मला काय पटलं नाही. ही शेवटची ओळ कधीही रिकामी सोडू नका, पुढे त्याच ओळींतून प्रबंधाचं दुसरं प्रकरण, म्हणजे आधीच्या संशोधनाचा आढावा, उभं राहतं. संदर्भ साठवायला 'झोटेरो' मोफत आहे. ते पहिल्या दिवसापासून वापरा.

पद्धतींचं शिक्षण आवर्जून घ्या. मुलाखत आणि निरीक्षण करणाऱ्यानेही संख्याशास्त्राचा एक पक्का अभ्यासक्रम करावा. आकड्यांवर काम करणाऱ्याने किमान एक महिना वर्गात मागच्या बाकावर बसून नोंदी घ्याव्यात.

नीतिमान्यता : इथे घाई नको

मुलांवर संशोधन करायचं तर विद्यापीठाच्या नीतिसमितीची मंजुरी आल्याशिवाय एकही ध्वनिमुद्रण करता येत नाही. अर्ज, शंका, दुरुस्त्या यांत आठवडे किंवा महिने जातात. त्याशिवाय शाळेची आणि शिक्षणखात्याची परवानगी वेगळी असू शकते. परीक्षा आणि सुट्ट्या यांचं वेळापत्रक समोर ठेवून उलट मोजणी करा, नाहीतर मंजुरी हातात पडेपर्यंत शाळेचं वर्ष संपलेलं असेल.

पालकांची संमती लागते आणि मुलाचा होकारही लागतो. आपल्या क्षेत्रातली खरी अडचण अशी की ज्यांच्याकडून सही घ्यायची त्यांतल्या काहींना ते संमतीपत्र वाचता येत नसतं. चार पानी, कायदेशीर भाषेतला कागद पुढे करून अंगठा घेणं म्हणजे संमती घेणं नव्हे. मजकूर त्यांच्या बोलीत वाचून दाखवा, प्रश्न विचारायला वेळ द्या, आणि समितीकडून तोंडी संमती ध्वनिमुद्रित करण्याची परवानगी आधीच मिळवा. 'नाही म्हटलं तर मुलाच्या शाळेत काही फरक पडणार नाही' हे वाक्य स्वतंत्रपणे, स्पष्ट सांगा. शाळेतून आलेल्या माणसाला नाही म्हणणं पालकांना फार जड जातं, हे लक्षात असू द्या. मुलाच्या बाबतीतही तसंच. सकाळी हो म्हणालेलं मूल दुपारी मान खाली घालून गप्प बसलं, तर तो नकार समजा आणि त्याला वर्गात परत सोडा.

क्षेत्रकार्य आणि लिप्यंकन

आधी छोटा पूर्वाभ्यास करा, तीन-चार मुलांवर. सूचना कळत नाहीत, पंख्याचा आवाज रेकॉर्डिंग गिळून टाकतो, शाळेची घंटा मध्येच वाजते, हे सगळं तिथेच कळतं.

दुसऱ्या भाषेतली चाचणी भाषांतर करून वापरू नका. इंग्रजीत सोपा असलेला शब्द आपल्या लिपीत जोडाक्षराचा निघतो आणि कठीण-सोप्याचा सगळा क्रम विस्कटतो. चाचणी आपल्या भाषेत नव्याने बांधावी लागते, तिची विश्वासार्हता तपासावी लागते, आणि या कामात एक पूर्ण सत्र गेलं तरी ते वाया गेलेलं नसतं. अशी चाचणी हेच कधी कधी प्रबंधाचं सर्वात टिकाऊ योगदान ठरतं.

एका तासाच्या ध्वनिमुद्रणाचं लिप्यंकन (ऐकून जसंच्या तसं लिहून काढणं) करायला चार-सहा तास सहज लागतात. पाच मुलं एकदम बोलत असतील तर त्याहून जास्त. 'इलान' हे माक्स प्लांक संस्थेचं मोफत सॉफ्टवेअर यासाठी उपयोगी आहे. स्वयंचलित लिप्यंकन लहान मुलांच्या आवाजावर आणि बोलीवर फार अडखळतं. शिवाय ते बोलीचं परस्पर प्रमाणभाषेत रूपांतर करू शकतं. 'आयनं'चं 'आईने' झालं की तुमचा अभ्यासविषयच पुसला गेला. मुलांचे आवाज बाहेरच्या सेवेवर चढवायला संमती घेतली होती का, हा मुद्दा आहेच. लिप्यंकनात काय लिहायचं आणि काय सोडायचं हा निर्णयही सिद्धान्ताचाच भाग असतो, हे भाषिक मानववंशशास्त्रज्ञ एलिनॉर ऑक्स यांनी १९७९ मध्येच दाखवून दिलं. म्हणून तुमचे नियम लिहून ठेवा.

प्रबंध इंग्रजीत लिहायचा असला तरी कोडिंग (मजकुराच्या तुकड्यांना अर्थानुसार नावं देणं) मूळ भाषेतल्या मजकुरावरच करा. भाषांतर अगदी शेवटी, उद्धृत करण्यापुरतं, आणि मूळ ओळ त्याच्या वर छापा.

विश्लेषण आणि लेखन

आकड्यांबाबत एकच इशारा देतो, कारण तो फार वेळा दुर्लक्षिला जातो. सहा वर्गांतली १८० मुलं म्हणजे १८० स्वतंत्र निरीक्षणं नव्हेत. एका वर्गातली मुलं एकाच शिक्षिकेकडे शिकतात, म्हणून त्यांचे गुण एकमेकांशी बांधलेले असतात. मूल आणि वर्ग हे स्तर वेगळे धरणारं बहुस्तरीय विश्लेषण त्यासाठीच असतं. आणि सहाच वर्ग असतील तर तेही डळमळीत राहतं. म्हणून आराखडा करतानाच संख्याशास्त्रज्ञाला भेटा, डेटा गोळा झाल्यावर नको. गुणात्मक कामात मजकुराचा काही भाग दुसऱ्या व्यक्तीकडून स्वतंत्रपणे कोड करून घ्या. जिथे दोघांचं जुळत नाही तिथेच बहुधा तुमच्या संकल्पनेची कड धूसर असते.

लिखाण शेवटच्या वर्षावर ढकलू नका. पद्धतीचं प्रकरण क्षेत्रकार्य सुरू असतानाच लिहा, तेव्हा तपशील ताजे असतात. काही विद्यापीठं सलग प्रबंधाऐवजी तीन प्रकाशनयोग्य निबंध आणि त्यांना जोडणारी प्रस्तावना स्वीकारतात. नोकरी प्राध्यापकीची हवी असेल तर हा पर्याय मला जास्त चांगला वाटतो, दीर्घ क्षेत्रकार्यावरचं कथन असेल तर सलग प्रबंधच शोभतो. पैसे घेऊन आठवड्यात निबंध छापणाऱ्या नियतकालिकांच्या वाटेला जाऊ नका. निवड समितीत बसलेल्यांना ती नावं पाठ असतात.

मौखिक परीक्षेत नेहमी विचारतात ते असं : हाच प्रश्न का, हीच पद्धत का, तुमच्या निष्कर्षांना मर्यादा कोणत्या, आणि पुन्हा केलं तर काय बदलाल. उत्तरं पाठ करू नका. प्रबंधाचं प्रत्येक पान एका ओळीत सांगता येईल इतक्या वेळा तो वाचा. परीक्षेनंतर दुरुस्त्या सांगितल्या जातात, ते नेहमीचंच आहे. त्यांची यादी करा, प्रत्येकीसमोर काय बदललं आणि कोणत्या पानावर ते लिहा आणि तो तक्ता प्रबंधासोबत परत द्या.

प्रबंध विद्यापीठाच्या संग्रहात जाण्याआधी एकदा संमतीपत्रं उघडा. ज्या तारखेला ध्वनिमुद्रणं नष्ट करण्याचं कबूल केलं होतं ती तारीख कॅलेंडरमध्ये टाका, शाळेचं नाव किंवा मूल ओळखू येईल असा तपशील कुठे राहिला नाही ना ते परिशिष्टांसकट तपासा, आणि ज्या शिक्षकांनी वर्ग उघडून दिला त्यांच्यासाठी निष्कर्षांची दोन पानं त्यांच्या भाषेत लिहून शाळेत नेऊन द्या.